पासंग

लेस्टरहून निघताना गाडीच्या डिकीत
वीस किलोची दोन वजनं, पाचाची चार,
आणि मखमली पेटीत ग्रॅमचे पितळी दाणे.
वर्षातून चारदा मी बारमथला जातो
काटे तपासायला.
समुद्र आणि डोंगर वाटेत लागतात,
त्यांचा भत्ता कंपनी देत नाही.

मार्चमध्ये एमिरच्या मेंढवाड्यात.
गवत अजून राखाडी,
पलीकडे काडेर इद्रिसच्या माथ्यावर थोडं बर्फ
कुणी पुसायचं विसरल्यासारखं.
टांगत्या काट्याच्या झोळीत कोकरू,
चार किलो दोनशे.
ते हललं की आकडा हलतो.
"जिवंत वजन असंच," एमिर म्हणतो,
"थांबेल तेव्हा लिही."
मी पेन धरून उभा.
खाली खाडीतलं पाणी निघून चाललेलं
वाळूवर आपल्याच बोटांचे वळ ठेवून.

जूनमध्ये गर्दी. बादल्या, फावडी,
उन्हानं लाल झालेले खांदे,
लाकडी पुलावरून खडखडत जाणारी दोन डब्यांची गाडी.
नेरिसच्या मासळीच्या दुकानात अजून दोन पारड्यांचा काटा.
बारा ग्रॅमची खोट, तीही गिऱ्हाइकाच्या बाजूनं.
"दुरुस्त करतो."
"कर की. उर्थ द ब्विसाय," ती म्हणाली.
म्हणजे सावकाश, घाई नको.
शब्दाला शब्द लावला तर: तुझ्या वजनानं.
मी विचारलं, म्हणजे किती?
ती बांगड्याचं डोकं उडवत राहिली.
त्या रात्री साडेदहापर्यंत उजेड जायला तयार नव्हता
आणि डोंगर इतका जवळ आला होता
की खिडकीतून त्याला चहा विचारावा.

माझे वडील साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते.
उसाची गाडी फळीवर चढली
की वाकून बघायचे, बैलाचा पाय तर पडला नाही ना.
मापातलं पाप आधी डोळ्यात येतं, म्हणायचे,
काट्यात मागाहून.
समुद्र त्यांनी एकदाच पाहिला,
पाठ करून,
सगळ्यांच्या चपला सांभाळत.

ऑक्टोबरात पाऊस आडवा.
उतारावरचे नेचे तांबूस, जणू डोंगरच गंजत चाललाय.
"मार्चमधलं ते कोकरू?"
"एक्केचाळीस किलो. सोमवारच्या बाजारात जाईल."
"तेच का हे?"
एमिरनं कळपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"असेल," म्हणाला.
नेरिसच्या दाराला कुलूप.
किनाऱ्यावर एक माणूस आणि एक कुत्रं,
दोघंही वाऱ्यावर रेललेले.

जानेवारीत दुपारी चारला दिवे लागतात.
मासळीचं दुकान विकलं गेलं होतं.
नेरिस लेकीकडे कार्डिफला निघालेली,
खोक्यांवर बसून खोकी बांधत होती.
"हा काटा ने. इथं आता कॉफी विकणार आहेत."
बाहेर डोंगर पूर्ण पांढरा,
समुद्र शिशासारखा,
आणि दोघांमध्ये हे गाव,
काट्याच्या जिभेएवढं.

घरी येऊन काटा उलटा केला.
वजनाच्या पारड्याखाली चिकटपट्टी,
पट्टीखाली एक पौंड आणि पाच पेन्सचं नाणं.
मी ती सोडवून मोजली:
पावणेनऊ आणि सव्वातीन.
बारा.
जूनमध्ये मी काढलेली खोट
तिनं परत बसवली होती.

नियमानं याचा अहवाल द्यायला हवा.
कुणाविरुद्ध लिहू?
उन्हाळाभर त्या गावानं
जास्तीची मासळी खाल्ली, चिमटीचिमटीनं,
आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

नाणी मी होती तिथंच चिकटवली.
काटा खिडकीत ठेवलाय.
इथून ना समुद्र दिसतो ना डोंगर,
समोर टायरचं गोदाम.
लॉरी गेली की रिकामी पारडी हलतात,
बराच वेळ हलत राहतात.
मी बघत बसतो.
मार्चला अजून सहा आठवडे आहेत.